शून्यावर शून्य, आणि नाव कोणाचं?

अकरावीत लिमिट शिकणारी मुलं क्लासमधून एक नियम घेऊन येतात आणि त्याला बिनधास्त हॉस्पिटलचा नियम म्हणतात. हे हॉस्पिटल म्हणजे एक माणूस होता, गियोम द लोपिताल. जन्म १६६१, फ्रान्समधलं सरदार घराणं. आधी घोडदळात अधिकारी होता, पण दूरचं नीट दिसेना, म्हणून नोकरी सोडून गणिताकडे वळला.

१६९१ च्या सुमारास योहान बर्नुली हा चोवीस वर्षांचा स्विस तरुण पॅरिसला आला. कॅल्क्युलस तेव्हा इतकं नवं होतं की ते समजावू शकणारी माणसं अगदी मोजकी. लोपितालने चक्क त्याची शिकवणी लावली. पुढे मार्च १६९४ मध्ये पत्राने सौदा ठरला: बर्नुलीने वर्षाला ३०० लिव्र घ्यायचे, नवं काही सापडलं की ते लोपितालला कळवायचं आणि दुसऱ्या कोणालाही सांगायचं नाही. बर्नुलीला तेव्हा पक्की नोकरी नव्हती. तो कबूल झाला.

त्याच वर्षी त्याने शून्यावर शून्य आलं तर काय करावं ते लिहून पाठवलं. अंश आणि छेद यांचं वेगवेगळं डेरिव्हेटिव्ह घ्या, मग किंमत ठेवा. (क्ष² − ९) भागिले (क्ष − ३) घ्या. क्ष ३ कडे जाताना वर शून्य, खाली शून्य. नियमाने २क्ष भागिले १, म्हणजे ६. पण अवयव पाडले, (क्ष − ३) छाटला, तरी क्ष + ३ उरतो आणि ६ च येतात! अशा बहुपदींच्या अपूर्णांकाला अवयव पुरतात, म्हणून मी आधी तेच करायला लावते. लोपितालच्या पुस्तकातलं उदाहरण मात्र वर्गमूळ, घनमूळ, चतुर्थमूळ असलेलं आहे. तिथे नियमाची खरी गरज दिसते.

ते पुस्तक १६९६ चं, कॅल्क्युलसचं पहिलं छापील पाठ्यपुस्तक. प्रस्तावनेत त्याने बर्नुली बंधूंचे, खास करून योहानचे, आभार मानलेत. पण कुठली गोष्ट कोणाची हे सांगितलं नाही. त्याला सरळ चोर म्हणायला माझं मन धजत नाही. पैसे मोजले होते, आणि मांडणीही सुबक होती.

१७०४ मध्ये लोपिताल वारला. मग बर्नुलीने नियमावर हक्क सांगितला, पण अनेकांना ती बढाईच वाटली. त्याच्या जुन्या व्याख्यानांचं हस्तलिखित छापलं गेलं १९२२ मध्ये, आणि सौद्याचं पत्र १९५५ मध्ये. तोवर नाव पक्कं होऊन बसलं होतं.