पोथ्यांच्या शोधात एक तपस्वी : पंडित विष्णु नारायण भातखंडे

ज्या रागांचे स्वर आपण देवालयातील उत्सवप्रसंगी ऐकतो, त्यांची नावे, त्यांचे नियम व त्यांतील जुन्या चिजा आज कोणाही जिज्ञासूस पुस्तकात सापडतात. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ही स्थिती नव्हती. गायनविद्या घराण्याघराण्यांत कुलूपबंद होती आणि संगीतशास्त्राच्या पोथ्या संस्थानिकांच्या ग्रंथालयांत रुमालात बांधून पडल्या होत्या. ज्यांना गाता येई त्यांना पोथी वाचता येत नसे, आणि ज्यांना पोथी वाचता येई त्यांना गाणे कळत नसे. या दोहोंमधील अंतर तोडण्यासाठी ज्या पुरुषाने आपले आयुष्य वेचले, त्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

पंडितजींचा जन्म मुंबईस वाळकेश्वर येथे १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी झाला. लहानपणी बासरी व पुढे सतार यांचा नाद त्यांस लागला. १८८४ साली ते मुंबईतील पारशी गृहस्थांनी चालविलेल्या गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून शेकडो ध्रुपदे व अली हुसेन खाँ, विलायत हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल त्यांनी घेतले. हे चालू असतानाच १८८५ साली ते बी. ए. झाले व १८८७ साली वकिलीची परीक्षा उतरले. काही काळ कराचीस व नंतर मुंबईस त्यांनी वकिली केली. संसार चारचौघांसारखा चालला असता. परंतु १९०० साली पत्नी व १९०३ साली कन्या निवर्तली. त्यानंतर घर असे उरले नाही. पुढे वकिलीही सुटली आणि संगीत हेच त्यांचे घर झाले.

गुजरात-काठेवाडचा प्रवास त्यांनी १८९६ सालीच केला होता. १९०४ च्या अखेरीस ते दक्षिणेकडे निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा, रामेश्वर अशी ती यात्रा होती. पण देवदर्शनाइतकीच ओढ त्यांना ग्रंथदर्शनाची होती. तंजावर हे तर आपल्या मराठ्यांचे जुने राज्य. तेथील सरस्वती महालात भोसले राजांनी जपलेला ग्रंथसंग्रह आहे आणि त्या कुळातील तुळजाराजांनी स्वतः संगीतसारामृत हा ग्रंथ रचलेला आहे. एट्टयपुरम येथे वृद्ध पंडित सुब्बराम दीक्षितर यांची गाठ पडली आणि व्यंकटमखीच्या चतुर्दण्डिप्रकाशिका या सतराव्या शतकातील ग्रंथाचा लाभ झाला. ७२ मेळांची व्यंकटमखीची रचना पाहून, उत्तरेकडील रागांचीही अशी सुटसुटीत व्यवस्था लावता येईल, ही कल्पना त्यांच्या मनात दृढ झाली. १९०७ साली नागपूर, कलकत्ता, जगन्नाथपुरी, हैदराबाद आणि १९०८ साली प्रयाग, काशी, लखनौ, दिल्ली, जयपूर असे प्रवास झाले. जेथे जात तेथे काय विचारले, काय उत्तर मिळाले, कोणता ग्रंथ पाहिला, हे सारे ते रोजनिशीत टिपून ठेवीत.

पोथी मिळविणे एकवेळ सोपे. गवयाच्या कंठातील चीज मिळविणे दुर्घट. जी विद्या हीच पोटाची भाकरी, ती परक्याच्या वहीत उतरू देण्यास खाँसाहेब मंडळी कचरत, यात त्यांचा फारसा दोष नव्हता. पंडितजींनी मात्र मान-अपमान बाजूस ठेवला. जयपूरच्या मनरंग परंपरेतील मुहम्मद अली खाँ यांस त्यांनी गुरू मानले. ग्वाल्हेरच्या एकनाथ पंडितांकडून त्यांनी चिजा घेतल्या. रामपूर दरबारची तानसेन-परंपरेची ध्रुपदे मिळावीत म्हणून वयाची चाळिशी उलटून गेल्यावरही त्यांनी नबाब हमीद अली खाँ यांचे शिष्यत्व पत्करले.

या संग्रहातून त्यांचे ग्रंथ उभे राहिले. चतुर पंडित या नावाने त्यांनी संस्कृतात श्रीमल्लक्ष्यसंगीत रचले. हिंदुस्थानी संगीत पद्धति हा गुरुशिष्य-संवादरूप ग्रंथ त्यांनी आपल्या मराठीत ४ भागांत लिहिला. क्रमिक पुस्तक मालिकेच्या ६ भागांत शेकडो चिजा स्वरलिपीसह छापल्या गेल्या. शिवाय रामामात्य, पुंडरीक विठ्ठल आदींच्या जुन्या ग्रंथांस त्यांच्यामुळे छापखान्याचे दर्शन घडले. सर्व रागांची त्यांनी १० थाटांत वाटणी केली. ही वाटणी काही रागांस नीट बसत नाही, आणि मींड व गमक कागदावर पूर्णपणे उतरत नाहीत, असे आक्षेप तेव्हाही निघाले व आजही निघतात. ते निराधार नाहीत. परंतु आक्षेप घेणारासही चीज पाहावयाची झाली तर बहुधा त्यांचेच पुस्तक उघडावे लागते, हेही तितकेच खरे.

संग्रह करून ते थांबले नाहीत. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, ती त्यांच्या खटपटीने. ग्वाल्हेरच्या माधवराव महाराजांनी आपल्या दरबारचे गवई त्यांच्याकडे स्वरलिपी शिकण्यास मुंबईस धाडले, आणि १९१८ साली ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय निघाले. १९२६ साली लखनौस संगीत महाविद्यालय स्थापन झाले. १९२८ पासून त्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी ते सांभाळले. तेच आज भातखंड्यांच्या नावाचे विश्वविद्यालय आहे.

१९३३ साली पक्षाघाताने त्यांना अंथरुणास खिळविले. तीन वर्षे ते दुखणे सोसून १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला. गोकुळाष्टमीस आलेला हा पुरुष गणेशचतुर्थीस गेला.

पंडितजींनी ज्या वृद्ध गायकांपुढे वही उघडली, त्यांपैकी अनेक जण त्यानंतर फार वर्षे जगले नाहीत. वही उघडण्यास थोडा विलंब झाला असता, तर त्या चिजा त्यांच्याबरोबरच चितेवर वा कबरीत गेल्या असत्या. आपल्या सभासद कुटुंबांपैकी अनेकांच्या माळ्यावर वाडवडिलांची कीर्तनाची बाडे, पदांच्या चोपड्या, आरत्यांच्या जुन्या चालींची टिपणे असतील. ती वाळवीच्या स्वाधीन करण्यापूर्वी, किंवा रद्दीत घालण्यापूर्वी, एकदा उघडून पाहावीत आणि ज्या वृद्धांस त्या चाली अद्याप येतात त्यांच्याजवळ घटकाभर बसावे, एवढीच आमची विनंती आहे.