नोकरी सांभाळून लोकसेवा : महर्षी अण्णासाहेब कर्वे

आपल्या मंडळाच्या सभासद कुटुंबांत कोणी शाळेत शिकवितात, कोणी बँकेत वा सरकारी कचेरीत आहेत, कोणी बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांत पाळी करतात, तर कोणी निपाणीच्या तंबाखूच्या पेठेत हिशेब लिहितात. लोकसेवेची इच्छा यांपैकी बहुतेकांच्या मनात आहे. परंतु दिवस नोकरीत जातो, संध्याकाळ संसारात सरते, आणि निवृत्तीनंतर पाहू असे म्हणून ती इच्छा बाजूला ठेवली जाते. अशा सर्वांपुढे आम्ही आज एका गणिताच्या प्राध्यापकाचे चरित्र ठेवीत आहोत.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे झाला. त्यांचे घर दापोलीजवळील मुरूड गावी होते. घरची स्थिती बेताची आणि अंगकाठी किरकोळ. वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास एका परीक्षेसाठी ते सोबत्यांसह मुरुडाहून साताऱ्यास सुमारे ११० मैल चालत गेले. भर पावसात घाट चढून पोहोचले, तो परीक्षकांनी हा मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परत पाठविले. चालण्याची आणि निराशा पचविण्याची सवय त्यांना अशी लवकरच लागली. पुढे १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन ते बी. ए. झाले.

मुंबईत ते शाळांतून शिकवीत आणि पहाटेपासून खाजगी शिकवण्याही करीत. तेव्हा त्यांच्यापाशी पैसा नव्हता आणि मोकळा वेळ तर मुळीच नव्हता. तरीही मिळकतीतला लहानसा भाग धर्मादायासाठी बाजूला काढण्याचा नेम त्यांनी याच काळात धरला, आणि आपल्या गावाच्या हितासाठी मुरूड फंडाची उभारणी केली. त्यांच्या पुढील कार्याचे बीज आम्हांस येथेच दिसते. शास्त्रांत नित्य आणि नैमित्तिक अशी कर्मे सांगितली आहेत. प्रसंग आला म्हणजे दान करावे, सवड मिळाली म्हणजे सेवा करावी, हा झाला नैमित्तिक मार्ग. कर्व्यांनी सेवेला स्नानसंध्येप्रमाणे नित्यकर्मात स्थान दिले.

१८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून त्यांना बोलावणे आले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्या काळी विधुराने पुन्हा कुमारिकेशी लग्न करावे यात कोणास वावगे वाटत नसे. बालविधवेला मात्र केशवपन आणि आजन्म परावलंबन एवढेच वाट्याला येई. कर्व्यांनी ११ मार्च १८९३ रोजी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. तो त्यांनी सोसला, परंतु गावावर राग धरला नाही.

सर्वच विधवांचा प्रश्न पुनर्विवाहाने सुटणार नाही, त्यांना शिकवून स्वतःच्या पायावर उभे केले पाहिजे, हे त्यांनी लवकरच ओळखले. १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली. सनातनी घरांतील आईबापांनाही विश्वासाने आपल्या मुली तेथे धाडता याव्यात, म्हणून आश्रमाचे काम त्यांनी पुनर्विवाहाच्या चळवळीपासून वेगळे ठेवले. पुण्यात प्लेगचा कहर सुरू होता. १९०० साली आश्रम शहराबाहेर हिंगणे येथे, एका दात्याने दिलेल्या जागेवर झोपडी उभारून नेण्यात आला.

येथून पुढचा त्यांचा दिनक्रम नोकरदार वाचकांनी लक्षपूर्वक पाहावा. दिवसा कॉलेजात गणित शिकवावे. संध्याकाळी हिंगण्याची सुमारे चार मैलांची वाट पायी धरावी. पावसाळ्यात ही वाट चिखलाची असे, आणि कित्येकदा आश्रमाला लागणारे जिन्नसही हातात असत. रात्री विद्यार्थिनींना शिकवावे, तेथेच निजावे, आणि सकाळी पुन्हा चालत पुण्यास येऊन कॉलेजात वेळेवर उभे राहावे. कॉलेजला सुट्टी लागली की वर्गणीसाठी गावोगाव फिरावे.

हे कसे साधले? आमच्या अल्पमतीस तीन कारणे दिसतात. पहिले, त्यांनी सेवेचा वेळ नेमून घेतला. उरलेला वेळ तिच्या वाट्यास टाकला नाही. दुसरे, नोकरी त्यांनी ओझे मानली नाही. संसार पगारावर चालत असल्यामुळे लोकांनी दिलेला पैसा आश्रमाच्याच कामी लागे, आणि शिकविण्याची जी विद्या कॉलेजात उपयोगी पडे तीच हिंगण्यातही उपयोगी पडे. तिसरे, काम त्यांनी एकट्याच्या मुठीत ठेवले नाही. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा होत्या. त्या आश्रमात येऊन शिकल्या, पुढे तेथील व्यवस्था पाहू लागल्या आणि निधी जमविण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या.

या सेवेची किंमत मात्र घराने मोजली, हे सांगितल्यावाचून चरित्र पुरे होणार नाही. पती संध्याकाळी घराबाहेर, मिळकत मोजकी, नातलग दुरावलेले, आणि मुलांचे सर्व काही गोदूबाईंच्या, म्हणजे बायांच्या, अंगावर. ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या संसाराची हकीकत मोकळेपणाने लिहिली आहे. घरातील एकजण सेवेस निघतो तेव्हा दुसऱ्याचे कष्ट वाढतात. म्हणून नेम ठरविण्यापूर्वी घरच्यांशी बोलावे, आणि पुण्याचा वाटा त्यांनाही द्यावा.

१९१४ साली अण्णासाहेब कॉलेजातून निवृत्त झाले. तोपर्यंत हिंगण्याचा आश्रम उभा होता, १९०७ साली महिला विद्यालय सुरू झाले होते आणि १९०८ साली कार्यकर्ते घडविणारा निष्काम कर्ममठ स्थापन झाला होता. या तिन्ही संस्था नोकरीच्या काळातल्या आहेत. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले, त्यामागे हीच वीस वर्षांची पुंजी होती. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली. त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव त्या विद्यापीठाने आजही धारण केले आहे. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि वर्गणीसाठी पुन्हा घरोघर फिरले. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी वयाच्या १०४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ज्यांना हिंगण्यापर्यंत चालणे शक्य नव्हते त्यांच्यासाठीही संस्थेने एक सोपी वाट काढली होती. ती म्हणजे भाऊबीज फंड. दिवाळीत बहिणीला ओवाळणी घालताना आश्रमातील भगिनींसाठीही यथाशक्ती काही द्यावे, आणि स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन ते गोळा करावे. थोडे देणारे पुष्कळ हात मिळाले म्हणजे संस्था चालते, हा त्यातील हिशेब गणिताच्या प्राध्यापकाला शोभणारा आहे.

आपल्या भागातही असे नेम धरता येतील. शिक्षकाने आठवड्यातून एक संध्याकाळ निपाणीच्या विडी कामगार भगिनींच्या मुलांना गणित शिकवावे. कचेरीत काम करणाऱ्याने रविवारी तासभर बसून वृद्धांना कन्नड कागदपत्रे वाचून दाखवावीत, त्यांचे अर्ज भरून द्यावेत. हिशेबनिसाने एखाद्या लहान धर्मादाय संस्थेची वही महिन्यातून एकदा नीट लावून द्यावी. पाळीवर जाणाऱ्याने सुट्टीच्या दिवशी रुग्णालयात एखाद्या एकट्या रुग्णाजवळ बसावे. वेळ थोडा असला तरी चालेल. तो ठरलेला असावा आणि चुकू नये.

देवळात काकडआरतीची वेळ पुजाऱ्याच्या सवडीवर ठरत नाही. ती वेळ झाली की समई उजळावीच लागते. सेवेचीही अशी एक वेळ प्रत्येक घरात ठरावी, एवढीच आमची सर्व सभासद बंधुभगिनींस नम्र विनंती आहे.