फाळक्यांची शाळा आणि शासनाची फूटपट्टी

धंदेशिक्षण देणाऱ्या खासगी संस्थांवर शासनाचे नियंत्रण असावे काय, हा वाद आता जुना झाला. नियंत्रण कशावर असावे, हा खरा प्रश्न आहे. त्याचा विचार करताना त्र्यंबकेश्वरच्या एका सुपुत्राचे चरित्र उद्बोधक ठरते.

धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. संस्कृत पंडिताच्या घरातील हा मुलगा १८८५ साली मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला आणि १८९० साली बडोद्याच्या कलाभवनात गेला. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने प्रा. गज्जर यांनी उभारलेल्या या संस्थेत कला व उद्योग यांचे शिक्षण एकत्र मिळे. तेथे फाळके चित्रकलेबरोबर छायाचित्रणही शिकले. पुढे त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय केला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, लोणावळ्यास छापखाना काढला. १९१२ साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले आणि सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपटनिर्मितीचे तंत्र पाहून आले. तेथे ना प्रवेशपरीक्षा होती, ना पदवी.

३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. फाळक्यांचे दादरचे घर हा जसा कारखाना होता, तशीच ती शाळाही होती. पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडण्यास व रसायने हाताळण्यास तेथेच शिकल्या. उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके पडद्यावर तारामती झाले.

शासनाने या नव्या धंद्याची दखल घेतली ती मात्र वेगळ्या हेतूने. पहिल्या चित्रपटानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १९१८ साली, परवाने व परीक्षण यांचा कायदा आला. १९२७ साली नेमलेल्या रंगाचारियार समितीपुढे फाळक्यांनी साक्षही दिली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. पुण्यात केंद्र शासनाची चित्रपट प्रशिक्षण संस्था निघाली ती १९६० साली. नियंत्रक पाच वर्षांत आला. शिक्षक यावयास सत्तेचाळीस वर्षे लागली.

याचा अर्थ नियमन नको, असा नव्हे. कलाभवनामागे संस्थानचा आश्रय होता. आजच्या खासगी संस्थेचा खर्च कारकुनाच्या वा शेतकऱ्याच्या मिळकतीतून येणाऱ्या शुल्कावर चालतो. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदान तंत्रशिक्षण फोफावले, म्हणूनच १९८७ चा देणगीशुल्कविरोधी कायदा व २०१५ चा प्रवेश-शुल्क नियमनाचा कायदा करावा लागला. शुल्कावरील हा अंकुश सैल करून चालणार नाही.

तथापि जागा, वर्गखोल्या व पदव्या मोजून कौशल्य मोजले जात नाही. विद्यार्थ्याच्या हाताला काय येते याची बाहेरच्या जाणकारांनी परीक्षा घ्यावी. किती विद्यार्थ्यांना त्याच धंद्यात काम मिळाले, हे प्रत्येक संस्थेने प्रवेशापूर्वी जाहीर करावे आणि खोट्या आकड्यास शिक्षा असावी. पदवी नसलेल्या अनुभवी व्यावसायिकास अध्यापनाची जी वाट विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली उघडली, ती लहान धंदेशाळांपर्यंतही न्यावी. ज्यांच्या नावाने शासन १९६९ पासून चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार देते, त्या फाळक्यांसारख्या माणसाला शिकवण्याची मुभा नाकारणारा नियम विद्यार्थ्याचे रक्षण करीत नाही. तो केवळ कागदाचे रक्षण करतो.