एडगर कॉड: ज्यांच्या टेबल्सवर आजची मोठमोठी अ‍ॅप्स उभी आहेत

तुमच्या अँड्रॉइड फोनमधले कॉन्टॅक्ट्स आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज एसक्यूलाइट नावाच्या छोट्याशा डेटाबेसमध्ये सेव्ह होतात, टेबलच्या स्वरूपात. डेटाबेसचा हा टेबलवाला पाया घातला एडगर कॉड यांनी.

कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ चा, इंग्लंडमधल्या पोर्टलंडचा. ऑक्सफर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्र शिकले, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात पायलट होते. १९४८ मध्ये अमेरिकेला जाऊन आयबीएममध्ये लागले. सिनेटर मॅकार्थींनी कम्युनिस्ट शोधायच्या नावाखाली लोकांमागे ससेमिरा लावला, तेव्हा वैतागून काही वर्षं कॅनडात राहिले. परत येऊन १९६५ मध्ये पीएचडी केली.

अडचण काय होती?

तेव्हा आयबीएमचा आयएमएस डेटाबेस झाडासारखा होता. वर ग्राहक, त्याखाली ऑर्डर, त्याखाली वस्तू. एका ग्राहकाने काय घेतलं, हे पटकन कळायचं. पण एखादी वस्तू कोणाकोणी घेतली, असं उलटं विचारलं की सगळं झाड पिंजून काढावं लागे. रचना बदलली की जुने प्रोग्रामही अडायचे.

१९७० मध्ये कॉड यांनी पेपर लिहून उपाय सांगितला. माहिती साध्या टेबल्समध्ये ठेवा आणि ग्राहक नंबरसारख्या समान माहितीने टेबल्स जोडा. तुम्ही फक्त काय हवंय ते सांगा, कसं शोधायचं ते कॉम्प्युटर बघेल.

घरचीच कंपनी मागे

आयएमएसचा धंदा जोरात असल्याने आयबीएमने घाई केली नाही. सिस्टिम आर या प्रयोगातून त्यांच्याच सहकाऱ्यांनी एसक्यूएल भाषा बनवली, पण कॉड यांना तिच्यात बऱ्याच उणिवा दिसत. १९७९ मध्ये लॅरी एलिसन यांच्या छोट्या कंपनीने ओरॅकल बाजारात आणला. आयबीएमचं एसक्यूएलवालं प्रॉडक्ट आलं १९८१ मध्ये. त्याच वर्षी कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात त्यांचं निधन झालं.

मग आपण काय निवडायचं?

प्रश्न आधीच ठरलेले असतील आणि डेटा प्रचंड वेगाने येत असेल, तर कॅसँड्रासारखे नोएसक्यूएल डेटाबेस कामाला येतात. पण उद्या कोणता नवा प्रश्न विचारावा लागेल, हे बहुतेक वेळा माहीत नसतं. म्हणून तर विकिपीडिया मारियाडीबीवर चालतो आणि इन्स्टाग्रामची सुरुवात पोस्टग्रेसवर झाली. माझा सल्ला एवढाच: आधी टेबल्स मांडून बघा, आणि तिथे खरंच अडलं तरच दुसरीकडे वळा.