फ्रीडरिश फोन एस्मार्ख

फ्रीडरिश फोन एस्मार्ख (९ जानेवारी, इ.स. १८२३ – २३ फेब्रुवारी, इ.स. १९०८) हे जर्मन शल्यचिकित्सक व कील विद्यापीठातील प्राध्यापक होते. सैनिकांना आणि सामान्य नागरिकांना प्रथमोपचाराचे पद्धतशीर शिक्षण देण्याच्या चळवळीचे ते एक प्रमुख प्रवर्तक मानले जातात.

प्रारंभिक जीवन

एस्मार्ख यांचा जन्म श्लेस्विग-होल्स्टाइनमधील ट्योनिंग या गावी झाला. त्यांनी कील व ग्योटिंगन येथे वैद्यकीय शिक्षण घेतले आणि कील येथे शल्यचिकित्सक लांगेनबेक यांचे साहाय्यक म्हणून काम केले. इ.स. १८४८ मध्ये डेन्मार्कविरुद्ध युद्ध सुरू झाल्यावर ते सैन्यात दाखल झाले. या युद्धात ते शत्रूच्या हाती सापडले. पुढे कैद्यांच्या अदलाबदलीत त्यांची सुटका झाली. नंतर त्यांनी श्ट्रोमायर यांच्या हाताखाली युद्धशल्यचिकित्सेचा अनुभव घेतला. इ.स. १८५४ मध्ये श्ट्रोमायर यांच्या जागी ते कील येथील शल्यचिकित्सालयाचे प्रमुख झाले.

युद्धभूमीवरील प्रथमोपचार

इ.स. १८६४, १८६६ आणि १८७०-७१ च्या युद्धांतही एस्मार्ख यांनी जखमींवर उपचार केले. जखमेवर पहिली पट्टी बांधणाऱ्याच्या हातीच अनेकदा जखमीचे भवितव्य असते, असे त्यांचे मत बनले. रणांगणावर वैद्य तत्काळ पोहोचू शकत नसल्याने प्रत्येक सैनिकाजवळ पट्टीचे साहित्य असावे आणि ते वापरण्याचे ज्ञानही त्याला असावे, असा आग्रह त्यांनी इ.स. १८६९ मधील पुस्तिकेत धरला.

त्यासाठी त्यांनी त्रिकोणी पट्टीचा पुरस्कार केला. असा त्रिकोणी कापडी तुकडा स्वित्झर्लंडमधील मायोर यांनी त्यापूर्वीच सुचविला होता. एस्मार्ख यांनी डोके, खांदा, हात, पाय इत्यादी अवयवांवर पट्टी कशी बांधावी याची चित्रे त्या कापडावरच छापून घेतली. त्यामुळे पट्टी हेच शिक्षणाचे साधन बनले.

इ.स. १८७३ मध्ये त्यांनी रबरी पट्टा गुंडाळून अवयवातील रक्त मागे सारण्याची व शस्त्रक्रियेतील रक्तस्राव टाळण्याची पद्धत मांडली. हा पट्टा आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. विजारीचे लवचीक खांदपट्टे प्रसंगी रक्तस्राव थांबविण्यासाठी आवळता यावेत, अशीही योजना त्यांनी केली. युद्धशल्यचिकित्सेच्या तंत्रावरील त्यांचा ग्रंथ इ.स. १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला.

समॅरिटन शाळा

इ.स. १८८१ मध्ये लंडनमधील आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेच्या वेळी सेंट जॉन अॅम्ब्युलन्स संस्थेचे प्रशिक्षणकार्य त्यांच्या पाहण्यात आले. परतल्यावर त्यांनी कील येथे नागरिकांसाठी प्रथमोपचाराचे वर्ग सुरू केले आणि इ.स. १८८२ मध्ये जर्मन समॅरिटन संघाची स्थापना केली. वाटेत पडलेल्या जखमी परक्याची शुश्रूषा करणाऱ्या बायबलमधील शोमरोनी माणसाच्या कथेवरून हे नाव घेतले होते.

अशा शिक्षणामुळे भोंदू वैद्य वाढतील, या भीतीने अनेक डॉक्टरांनी वर्गांना विरोध केला. डॉक्टर येईपर्यंत जखमीचा जीव वाचविणे आणि चुकीच्या हाताळणीने होणारी हानी टाळणे एवढेच या शिक्षणाचे उद्दिष्ट असल्याची एस्मार्ख यांची भूमिका होती. त्यांच्या व्याख्यानांचा इंग्रजी अनुवाद राणी व्हिक्टोरियाची कन्या राजकुमारी हेलेना हिने केला.

उत्तरायुष्य व वारसा

त्यांचा पहिला विवाह श्ट्रोमायर यांच्या कन्येशी, तर दुसरा इ.स. १८७२ मध्ये राजकुमारी हेन्रिएटे यांच्याशी झाला. हेलेना या हेन्रिएटे यांच्या भावजय होत्या. इ.स. १८८७ मध्ये एस्मार्ख यांना सरदारपद मिळाले. कील येथे त्यांचे निधन झाले. त्रिकोणी पट्टी बांधणे हा आजही प्रथमोपचार प्रशिक्षणाचा भाग आहे.