अंधारात हाकेला ओ देणारी युरेका

निलगिरीत कुन्नूरजवळच्या अरुवनकाडू या गावी ३१ ऑगस्ट १९१६ रोजी एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या घरी रॉबर्ट हॅनबरी ब्राऊन यांचा जन्म झाला. ताऱ्यांचा व्यास मोजणारा शास्त्रज्ञ म्हणून जग त्यांना ओळखते. त्यांच्या युद्धकाळातल्या कामगिरीविषयी मात्र आपल्याकडे फारसे लिहिले गेलेले नाही.

विसाव्या वर्षीच, १९३६ मध्ये, ते इंग्लंडमधील बॉडसी येथे वॉटसन-वॅट यांच्या गुप्त रडार केंद्रात दाखल झाले. विमानात बसवायच्या रडारच्या चाचण्यांसाठी त्यांना स्वतः विमानातून जावे लागे. एकदा उंचावर ऑक्सिजन बंद पडला आणि ते मरता मरता वाचले.

पुढे निराळाच पेच उभा राहिला. जर्मनांनी व्यापलेल्या मुलखात भूमिगतांना रात्री शस्त्रे पोचवायची होती. शेतात शेकोट्या पेटवाव्यात तर त्या शत्रूलाही दिसणार. न पेटवाव्यात तर वैमानिकाला शेत सापडणार कसे? पेटारे भलतीकडे पडले, तर वाट पाहणाऱ्यांच्या जिवाशीच गाठ!

ब्राऊन आणि जॉन प्रिंगल यांनी यावर 'रिबेका' आणि 'युरेका' या जोडयंत्राचा तोडगा काढला. (प्रिंगल मूळचे केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ; युद्धात माणसे कुठली कुठे जातात!) रिबेका विमानात असे, तर युरेका जमिनीवर, माणसाला उचलून नेता येईल अशी. एरवी ती मुकी. रिबेकाने रेडिओलहरींतून हाक मारली की तेवढ्यापुरती ओ देई. हाक आणि उत्तर यांमधल्या वेळावरून अंतर कळे. विमानाच्या डाव्या-उजव्या अँटेनांपैकी कोणावर उत्तर अधिक जोरात येते, यावरून दिशा समजे.

६ जून १९४४ च्या मध्यरात्री नॉर्मंडीत सर्वांच्या आधी उतरलेल्या पॅराशूटधारी वाटाड्यांजवळ युरेका होत्या. पण वाटाड्याच चुकला तर? तसेही घडले. एक ब्रिटिश तुकडी नेमलेल्या जागेऐवजी दुसरीकडेच उतरली आणि तिने तिथेच यंत्र मांडले. मागून आलेली काही विमाने इमानाने त्याच जागी गेली.

युद्धानंतर ब्राऊन जॉड्रेल बँक वेधशाळेत आले. १९५६ मध्ये रिचर्ड ट्विस यांच्यासह लष्करी सर्चलाइटचे दोन आरसे वापरून त्यांनी व्याधाच्या ताऱ्याचा कोनीय व्यास मोजला. भल्याभल्या भौतिकशास्त्रज्ञांना ते पटेना. मग ऑस्ट्रेलियातील नॅराब्राय येथे मोठे यंत्र उभारून त्यांनी ३२ तारे मोजून दाखवले.

१९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेचे अधिवेशन दिल्लीत भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी निलगिरीत जन्मलेले हेच ब्राऊन होते. १६ जानेवारी २००२ रोजी इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.