पोरांच्या हातातलं बळ ओळखणारे अण्णा

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, अभ्यासात मागं पण हातानं सगळं जमणारं एखादं पोर तुमच्याकडेही असेलच. कर्मवीर भाऊराव पाटलांना अशी पोरं गावोगाव दिसली, किर्लोस्करांचे नांगर विकत फिरताना. १८८७ मध्ये कुंभोजला जन्मलेले अण्णा स्वतः मॅट्रिकही नव्हते! १९१९ मध्ये काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र जेवायची. खिशात पैसे नव्हते, पण त्यांना शेतात राबता येत होतं. अण्णांनी तेच भांडवल धरलं, कमवा आणि शिका. तरी एकदा धान्य संपलंच. तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. पोरं उपाशी झोपली नाहीत.